खासगी शाळेतील सहशालेय उपक्रम: पालकांनी मुलाचा आठवडा कसा आखावा

मे महिन्यात प्रवेशाची गडबड संपली की खासगी शाळांची गुळगुळीत कागदावरची माहितीपुस्तिका घरी येते. तिच्या मधल्या पानांवर जलतरण तलाव, रोबोटिक्सची प्रयोगशाळा, घोड्यावर बसलेला एक मुलगा आणि की-बोर्डसमोर हसणाऱ्या चार मुली हमखास असतात. गेली अठरा वर्षे एका खासगी शाळेत सहशालेय उपक्रमांचे काम पाहताना जूनच्या पहिल्या पालकसभेत मला बहुतेक वेळा एकच प्रश्न विचारला गेला आहे: ‘तुमच्याकडे ॲक्टिव्हिटी किती आहेत?’ या प्रश्नाचे उत्तर पुस्तिकेतच असते आणि त्याचा पालकांना फारसा उपयोग नसतो. माझ्या मुलाच्या वाट्याला आठवड्यातली किती मिनिटे, कोणत्या शिक्षकाच्या हाताखाली आणि किती मुलांमध्ये येणार आहेत, असा प्रश्न विचारायला हवा. पुढचे सगळे विवेचन याच एका प्रश्नाभोवती आहे, कारण शाळेचे वेळापत्रक असो की घरातली संध्याकाळ, आपल्याला वाटायची असतात ती मिनिटेच.

पहिली पायरी: पुस्तिका बाजूला ठेवा, वेळापत्रक मागा

शाळेतले उपक्रम तीन प्रकारचे असतात आणि पुस्तिकेत त्यांची सरमिसळ केलेली असते. पहिला प्रकार वेळापत्रकातल्या तासिकांचा, म्हणजे शारीरिक शिक्षण, चित्रकला, संगीत, कार्यानुभव आणि वाचनालय यांचा असून तो सर्व मुलांसाठी असतो. दुसरा प्रकार शाळा सुटल्यावर शाळेच्याच आवारात वेगळे शुल्क घेऊन चालणाऱ्या वर्गांचा असतो आणि हे वर्ग बहुधा बाहेरची संस्था चालवते. तिसरा प्रकार निवडक मुलांचा, म्हणजे शाळेच्या कबड्डी संघाचा, समूहगायनाच्या चमूचा किंवा वक्तृत्वाला पाठवल्या जाणाऱ्या दोघाचौघांचा असतो. पुस्तिकेतले छायाचित्र यांपैकी कोणत्या प्रकारातले आहे हे विचारून घ्यावे. घोड्यावरचा मुलगा बहुतेक वेळा दुसऱ्या प्रकारातला असतो.

वर्गाचे वेळापत्रक हाती आले की पहिल्या प्रकारच्या तासिका मोजाव्यात आणि त्यांचा हिशेब एकदा तरी कागदावर करावा. समजा, पस्तीस मिनिटांची संगीताची तासिका आहे आणि वर्गात चाळीस मुले आहेत. वर्गातून रांगेने संगीतकक्षात पोचून स्थिरस्थावर होण्यात पाच मिनिटे जातात आणि परतीच्या तयारीत आणखी पाच. उरलेल्या पंचवीस मिनिटांसाठी खोलीत आठ की-बोर्ड असतील, तर मुलांच्या पाच तुकड्या होतात आणि प्रत्येक मुलाच्या बोटांखाली की-बोर्ड येतो तो पाच मिनिटे, तेही आठवड्यातून एकदा. यात शाळेची लबाडी आहे असे मी म्हणत नाही. अशा तासिकेत सूर ओळखणे, समूहाने गाणे, वाद्याची भीती जाणे एवढे उत्तम रीतीने साधते. मात्र मूल वाद्य शिकेल ही अपेक्षा त्या पाच मिनिटांवर लादू नये.

मुख्याध्यापकांना किंवा पर्यवेक्षकांना तीन गोष्टी स्पष्टपणे विचाराव्यात. क्रीडाशिक्षक आणि कलाशिक्षक शाळेचे कायम कर्मचारी आहेत की दर वर्षी बदलणाऱ्या संस्थेचे? चाचणी परीक्षा जवळ आली की पीटीचा तास गणिताला दिला जातो का? आणि पावसाळ्याच्या चार महिन्यांत मैदानावरच्या तासाचे काय होते? या तिसऱ्या प्रश्नावर मी विशेष भर देतो, कारण आपल्याकडे शैक्षणिक वर्षाचा आरंभच पावसात होतो. ज्या शाळेने त्या दिवसांसाठी सभागृहात योगासने, मल्लखांब, कॅरम किंवा बुद्धिबळाची सोय केली आहे, त्या शाळेने खेळाचा विचार केला आहे असे समजावे. ‘पाऊस असला की मुले वर्गात बसून अभ्यास करतात’ या उत्तरानेही बरेच काही कळते.

बाहेरच्या संस्थेचे प्रशिक्षक असतील तर त्यांची पोलीस पडताळणी झाली आहे का, शाळा सुटल्यानंतरच्या वर्गात शाळेची एखादी शिक्षिका किंवा मावशी हजर असते का, आणि मुलाला कोणाच्या ताब्यात दिले जाते, हेही याच भेटीत विचारावे. हे विचारताना संकोच वाटण्याचे कारण नाही. चांगल्या शाळेकडे याची उत्तरे लेखी तयार असतात.

दुसरी पायरी: घरी चौकटीच्या वहीत एक आठवडा मांडा

गणिताच्या चौकटीच्या वहीचे जोडपान घ्यावे, आडव्या ओळीत सात वार आणि उभ्या ओळीत अर्ध्या अर्ध्या तासाचे रकाने करावेत आणि मुलाचा खराखुरा आठवडा त्यात भरावा. सकाळच्या सत्रात सातवीत शिकणाऱ्या मुलीचे उदाहरण घेऊ. ती पावणेसहाला उठते, सहा पंचविसाची बस पकडते, दुपारी दोन दहाला घरी येते, साडेतीनपर्यंत जेवण आणि विश्रांती होते आणि पाचपर्यंत गृहपाठ. रात्री पावणेनऊला ती झोपली तर तिला नऊ तासांची झोप मिळते. सहा ते बारा या वयाला किमान एवढी झोप लागतेच, म्हणून त्यातून कपात करायची नाही. पाच ते साडेसात हा वेळ तिचा स्वतःचा. सोमवार ते शुक्रवार मिळून साडेबारा तास झाले.

आता त्यात पोहणे आठवड्यातून तीन दिवस घातले. पोहण्याचा तास एक, पण जाण्यायेण्याला, कपडे बदलायला आणि केस कोरडे करायला चाळीस मिनिटे. म्हणजे तीन दिवसांचे पाच तास. गाण्याचा वर्ग दोन दिवस, जाण्यायेण्यासह दीड तास. म्हणजे तीन तास. साडेबारापैकी आठ तास संपले आणि साडेचार उरले. या साडेचार तासांत मैत्रिणीकडे जाणे, सोसायटीच्या आवारात लगोरी किंवा बॅडमिंटन, गोष्टीचे पुस्तक, आजीबरोबर बाजारात एक फेरी आणि काहीही न करता खिडकीत बसणे हे सगळे बसवायचे आहे. अबॅकस आणि रोबोटिक्स यांना या पानावर जागा नाही. त्या विषयांत काही वाईट आहे असे नाही. चौकटी भरलेल्या आहेत, एवढेच कारण.

अनुभवाने मी एक प्रमाण ठरवले आहे: अंगाला घाम आणणारा एक उपक्रम, हाताला किंवा गळ्याला वळण लावणारा एक उपक्रम आणि आठवड्यातली किमान एक संध्याकाळ पूर्ण रिकामी. दुपारच्या सत्राची शाळा असेल तर संध्याकाळ जवळजवळ उरतच नाही. तिथे सकाळच्या वेळेत एकच उपक्रम घ्यावा आणि दुसरा शनिवार-रविवारी. शाळा शनिवारी कशी असते तेही पाहावे, कारण २०२४ मध्ये राज्य शासनाने पहिली ते आठवीच्या मुलांसाठी ‘आनंददायी शनिवार’ ही कल्पना मांडली, आणि ती ज्या शाळेत मनापासून राबवली जाते तिथे शनिवारी मुलाला खेळ, कला, हस्तव्यवसाय यांसाठी बऱ्यापैकी सलग वेळ मिळतो.

तिसरी पायरी: जून ते गणपती हा चाचपणीचा काळ माना

मुलाची आवड पहिल्या आठवड्यात कळत नाही. पहिल्या आठवड्यात नवे बूट आवडतात. दुसऱ्या महिन्यात त्याच त्या पलट्यांचा, म्हणजे स्वरांच्या सरावाचा, कंटाळा येतो आणि खरी परीक्षा तिथे सुरू होते. म्हणून मी पालकांना सुचवतो की जूनमध्ये निवडलेला उपक्रम गणपतीपर्यंत करू द्यावा, गणपतीच्या सुट्टीत मुलाशी निवांत बोलावे आणि बदल करायचा असेल तर तेव्हाच करावा. त्यानंतर मात्र वर्ष संपेपर्यंत बदल नाही, हे मुलाला आधीच सांगून ठेवावे. बाहेरच्या वर्गांचे शुल्क वर्षाचे एकरकमी न भरता सत्राचे भरण्याची मुभा मागण्याचे कारणही हेच.

चौथीपर्यंत निवड सैल ठेवावी. या वयात परीक्षा, पदके आणि पट्टे यांच्या मागे लागू नये. पाचवी ते सातवीत एखादी गोष्ट धरून ठेवायला शिकवावी. आठवी-नववीत जे टिकले आहे त्यालाच अधिक वेळ द्यावा आणि नवे काही जोडू नये.

उपक्रम सोडण्याचा हट्ट मूल धरते तेव्हा दोन गोष्टी वेगळ्या ओळखाव्या लागतात. ‘कंटाळा येतो’ म्हणणारे मूल वर्गाला गेल्यावर रमत असेल तर तो घरातून निघण्याचा कंटाळा आहे. चार आठवडे धीर धरावा. ज्या दिवशी वर्ग असतो त्याच दिवशी सकाळी पोट दुखत असेल, जेवण जात नसेल किंवा एखाद्या विशिष्ट सरांचे नाव निघताच मूल गप्प होत असेल, तर वर्ग त्या दिवसापासून थांबवावा आणि कारण नंतर शोधावे. या बाबतीत भरलेल्या शुल्काचा विचार मध्ये आणू नये.

चौथी पायरी: पैशांची बाजू कागदावर पाहा

खासगी शाळांच्या शुल्कासाठी महाराष्ट्रात २०११ चा शुल्क विनियमन कायदा आहे. त्यानुसार शैक्षणिक वर्ष सुरू झाल्यापासून तीस दिवसांत मुख्याध्यापकांनी पालक-शिक्षक संघ स्थापन करायचा असतो आणि त्याच्या कार्यकारी समितीवरचे पालक सोडतीने निवडले जातात. व्यवस्थापनाचा शुल्काचा प्रस्ताव याच समितीपुढे येतो. जिमखाना, वाचनालय, प्रयोगशाळा, सत्र शुल्क अशा बाबी त्यात वेगवेगळ्या दाखवलेल्या असतात, त्यामुळे खेळाच्या साहित्यासाठी आपण आधीच पैसे भरले आहेत का, हे तिथे समजते. पालकसभेत मागच्या रांगेत बसून कुजबुजण्यापेक्षा सोडतीसाठी आपले नाव देणे केव्हाही श्रेयस्कर, कारण उपक्रमांवरच्या खर्चाची चर्चा त्या समितीच्या टेबलावर होते आणि तिथे प्रश्न विचारणारे पालक फार थोडे असतात.

दुसऱ्या प्रकारच्या, म्हणजे शाळा सुटल्यानंतरच्या वर्गांचे शुल्क ऐच्छिक असावे आणि त्याची पावती वेगळी मिळावी. नाव न नोंदवलेल्या मुलाला त्यासाठी वर्गात उभे करून विचारणा होत असेल तर वर्गशिक्षकांशी सौम्यपणे पण लेखी बोलावे. शिक्षण हक्क कायद्याखालच्या २५ टक्के जागांवर प्रवेश घेतलेल्या मुलांबाबत नियम निःसंदिग्ध आहेत: वर्गात बसवण्यापासून वाचनालय, खेळ आणि सहशालेय उपक्रमांपर्यंत कुठेही त्यांच्याशी भेदभाव करता येत नाही. तरीही प्रत्यक्षात अडचण होते ती छोट्या खर्चांनी, म्हणजे नाचाचा पोशाख, स्केटिंगचे बूट, सहलीची वर्गणी यांनी. पोशाख भाड्याने आणण्याऐवजी शाळेच्या कपाटात जपून ठेवण्याची पद्धत आमच्याकडे पालक समितीतल्या एका आईच्या आग्रहामुळे सुरू झाली आणि तीन वर्षांत नऊवारी, धोतरे, फेटे यांचा चांगला संच जमला.

पाचवी पायरी: परीक्षांच्या आणि प्रमाणपत्रांच्या तारखा उलट्या मोजा

काही उपक्रमांना ठरलेल्या पायऱ्या आहेत आणि त्या उशिरा सुरू केल्या तर दहावीच्या वर्षात येऊन आदळतात. म्हणून दहावीपासून मागे मोजत यावे.

चित्रकलेच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या शासकीय रेखाकला परीक्षा कला संचालनालयातर्फे होतात. त्यांची नावनोंदणी शाळेमार्फत पावसाळ्यात होते आणि परीक्षा साधारण दिवाळीच्या आधी. एलिमेंटरीत वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र आणि कर्तव्यभूमितीसह अक्षरलेखन असे विषय असतात. इंटरमिजिएटला वस्तुचित्राची जागा स्थिरचित्र घेते आणि भूमितीत घनाकृती येतात. राज्य मंडळाच्या दहावीत इंटरमिजिएटच्या श्रेणीनुसार वाढीव गुण मिळतात, त्यामुळे शेवटच्या क्षणी नाव नोंदवणाऱ्यांची रांग लागते. सातवीत किंवा आठवीत एलिमेंटरी आणि त्याच्या पुढच्या वर्षी इंटरमिजिएट हा क्रम ठेवला तर दहावीचे वर्ष मोकळे राहते. मुले बहुतेक वेळा अडतात ती भूमिती आणि अक्षरलेखनात, कारण रंगांच्या नादात पट्टी-कंपासचा सराव राहून जातो. कलाशिक्षकांकडे त्या विषयाचे चार जादा तास आवर्जून मागावेत.

गाणे, तबला, हार्मोनियम, कथक शिकणाऱ्यांसाठी अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा वर्षातून दोनदा होतात. प्रारंभिक, प्रवेशिका प्रथम, प्रवेशिका पूर्ण अशा चढत्या क्रमाने मूल पुढे जाते. इथे माझे मत थोडे कडू आहे. दर सहा महिन्यांनी परीक्षा देणारी मुले परीक्षेचे राग गातात आणि घरी पाहुणे आले की गात नाहीत. गुरुजी ‘तयार आहे’ म्हणतील तेव्हाच अर्ज भरावा.

राष्ट्रीय छात्रसेनेच्या कनिष्ठ विभागाचे प्रशिक्षण दोन वर्षांचे असते आणि त्याअखेर ‘ए’ प्रमाणपत्राची परीक्षा होते. परेडची हजेरी आणि शिबिर त्यासाठी आवश्यक असते. म्हणून आठवीच्या सुरुवातीलाच नाव द्यावे लागते. स्काऊट-गाईडमध्ये प्राथमिक वर्गांत कब-बुलबुल, पुढे प्रवेश, प्रथम, द्वितीय, तृतीय सोपान, मग राज्य पुरस्कार आणि राष्ट्रपती पुरस्कार अशी लांब शिडी आहे. पाचवी-सहावीत गणवेश चढवला नाही तर वरच्या पायऱ्यांना वेळ उरत नाही. विज्ञानाची ओढ असणाऱ्या मुलांसाठी सहावी आणि नववी ही डॉ. होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धेची वर्षे आहेत. तिच्यात लेखी परीक्षेनंतर प्रात्यक्षिक, प्रकल्प आणि मुलाखत असे टप्पे असतात. केंद्र सरकारच्या ‘इन्स्पायर-मानक’ योजनेत शाळा मुलांच्या कल्पना सुचवते आणि निवडलेल्या कल्पनेचे मॉडेल करण्यासाठी १०,००० रुपये मिळतात. खासगी मान्यताप्राप्त शाळांनाही त्यात भाग घेता येतो, पण ऑनलाइन नोंदणी करण्याची आठवण विज्ञानशिक्षकांना कोणीतरी करून द्यावी लागते.

सहावी पायरी: मैदान, आणि मैदानाइतकीच कागदपत्रे

शालेय क्रीडा स्पर्धांची साखळी तालुका, जिल्हा किंवा महानगरपालिका, विभाग, राज्य आणि मग राष्ट्रीय अशी चढत जाते. राज्यात आठ क्रीडा विभाग आहेत आणि वयोगट १४, १७ व १९ वर्षांखालील असे असतात. जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयाकडून वर्षाचे वेळापत्रक शाळेत येते, शाळा प्रवेशिका भरते आणि पावसाळ्याच्या मध्यापासून सामने सुरू होतात. केंद्रीय मंडळाशी संलग्न शाळांची स्वतःची क्लस्टर, झोनल आणि राष्ट्रीय अशी वेगळी साखळीही असते. आपली शाळा यांपैकी कोणकोणत्या स्पर्धांत, कोणत्या खेळांत संघ उतरवते हे जूनमध्येच विचारावे. तलवारबाजीचे पुस्तिकेत छायाचित्र असलेल्या शाळेने गेल्या तीन वर्षांत एकही प्रवेशिका भरलेली नाही, असे आढळू शकते.

कागदपत्रांचा एक प्रसंग सांगतो. आमच्या १४ वर्षांखालील खो-खो संघातली एक चपळ मुलगी, संघाची मुख्य आक्रमक खेळाडू, सामन्याच्या सकाळी सात वाजता मैदानावर उभी होती. पंचांच्या टेबलावर ओळखपत्रे तपासली गेली तेव्हा आधार कार्डावर तिचे नाव, वडिलांचे नाव, आडनाव असा क्रम होता आणि शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये आडनाव आधी होते. तेवढे चालून गेले असते, पण जन्मतारखेतही एका महिन्याचा फरक निघाला. आधारवर तिची जन्मतारीख कोणी तरी अंदाजाने सांगितलेली होती. तिला बाहेर बसावे लागले. ती संपूर्ण सामना गुडघ्याला गुडघापट्टी तशीच बांधून सीमारेषेबाहेर बसून राहिली आणि प्रत्येक खांबाजवळच्या पलटीला नकळत तिचा पाय हलत होता. त्या वर्षापासून मी जूनच्या पहिल्या पंधरवड्यात जन्मदाखला, आधार कार्ड आणि जनरल रजिस्टरचा उतारा एकत्र ठेवून अक्षरन् अक्षर जुळवून घेतो. पालकांनी हे काम घरीच करावे. फरक असेल तर दुरुस्तीला आठवडे लागतात, आणि स्पर्धेसाठीची वयाची तारीख परिपत्रकात छापलेली असते तीच धरली जाते, आपल्या सोयीची नाही.

मुंबईच्या पालकांसाठी क्रिकेटचा उल्लेख टाळता येत नाही. हॅरिस शिल्ड १६ वर्षांखालील आणि जाइल्स शिल्ड १४ वर्षांखालील मुलांची स्पर्धा. फेब्रुवारी १९८८ मध्ये आझाद मैदानावर शारदाश्रम विद्यामंदिराच्या सचिन तेंडुलकर आणि विनोद कांबळी यांनी सेंट झेवियर्सविरुद्ध ६६४ धावांची अभंग भागीदारी केली ती हॅरिस शिल्डमध्येच. प्रशिक्षक रमाकांत आचरेकर यांच्या सल्ल्याने सचिनने वांद्र्याची शाळा सोडून दादरच्या शारदाश्रमात प्रवेश घेतला होता, ही गोष्ट सांगून अनेक वडील मुलाची शाळा बदलण्याचा घाट घालतात. त्यांनी एवढे ध्यानात घ्यावे की त्या निर्णयामागे शिवाजी पार्कवर रोज मुलाचा खेळ पाहणारा एक जाणता प्रशिक्षक होता. घरातल्या अंदाजावर असा निर्णय घेऊ नये. मुलाला संघात जागा मिळेल की नाही हे नव्या शाळेच्या प्रशिक्षकाने नेटमध्ये पाहून सांगितल्यावर मग पुढचे बोलावे.

सामन्यांमुळे बुडणाऱ्या तासांचे नियोजन खेळाडूनेच करावे. संघातल्या प्रत्येक मुलाला मी वर्गातला एक ‘वहीमित्र’ जोडून देतो, जो त्या दिवशीच्या फळ्यावरच्या कामाची नोंद ठेवतो. घटक चाचणी सामन्याच्या दिवशी आली तर फेरचाचणीसाठी पत्र आधी द्यावे लागते, सामना झाल्यावर नव्हे.

सातवी पायरी: स्नेहसंमेलनातली जागा वेळेत मागा

डिसेंबर-जानेवारीत स्नेहसंमेलनाचे वारे वाहू लागले की शाळेत तीन आठवडे अभ्यास पातळ होतो, आणि तो व्हावाच, कारण मोठेपणी मुलांना शाळा आठवते ती याच दिवसांतली. पण खासगी शाळांतल्या संमेलनाला एक रोग जडला आहे. प्रत्येक मूल मंचावर दिसलेच पाहिजे या आग्रहापोटी साठ-साठ मुलांची नृत्ये बसवली जातात, मागच्या तीन रांगांतली मुले हात वर-खाली करतात आणि त्यांचे पालक मोबाइल उंच धरून आपले मूल शोधत असतात. तालमीत त्या मुलांचा वेळ रांगेत उभे राहण्यातच जातो.

संमेलनाला मंचाबाहेरची बरीच कामे असतात: निवेदन, नेपथ्य, प्रकाशयोजनेच्या माणसाशेजारी बसून सूचना देणे, रंगभूषेत मदत, प्रॉम्प्टिंग, रंगमंचामागच्या सामानाची यादी, स्वागत, हस्तलिखिताचे संपादन, भित्तिपत्रक. नाचाची आवड नसलेल्या मुलासाठी यांतले एखादे काम दिवाळीच्या सुट्टीनंतर लगेच, तालमी ठरण्याआधी वर्गशिक्षकांकडे मागावे. आमच्या एका अबोल मुलाला आठवीत पडद्याच्या दोरीवर नेमले होते. त्याने नाटुकल्याची संहिता चार दिवसांत पाठ केली, कारण कोणत्या वाक्याला पडदा पडायचा हे त्याला चुकवायचे नव्हते. ऐन वेळी राजाचे काम करणारा मुलगा अडखळला तेव्हा विंगेतून पुढचे वाक्य आले ते त्याच्या तोंडून. नाटकाची खरी गोडी लागलेल्या मुलांसाठी सांस्कृतिक कार्य संचालनालयाची राज्य बालनाट्य स्पर्धा हे पुढचे दार आहे, आणि शाळेत नाटक बसवणाऱ्या शिक्षकांना त्याची माहिती असते.

सहलीबद्दल थोडक्यात. शाळेने शिक्षणाधिकाऱ्यांची परवानगी घेतली आहे का, सोबत महिला शिक्षिका किती आहेत, आणि पाण्याजवळ जाण्याचा कार्यक्रम आहे का, हे संमतिपत्रावर सही करण्याआधी विचारावे. फेब्रुवारी २०१६ मध्ये मुरूडच्या समुद्रात सहलीला गेलेले पुण्याचे चौदा विद्यार्थी बुडाले, तेव्हापासून या प्रश्नाला कोणी अतिकाळजी म्हणत नाही. शैक्षणिक सहलीला एसटी भाड्यात निम्मी सवलत देते, तेव्हा खासगी आरामबसचाच आग्रह का, हेही विचारायला हरकत नाही. मुलाची औषधे, ॲलर्जी आणि गाडी लागण्याचा त्रास चिठ्ठीवर लिहून ती चिठ्ठी शिक्षिकेच्या हातात द्यावी, दप्तरात नव्हे.

आठवी पायरी: एक फाइल, आणि दहावीचे वर्ष

पारदर्शक कप्प्यांची एक साधी फाइल पाचवीपासून ठेवावी. तिच्यात प्रमाणपत्रांबरोबर मुलाने काढलेली दोन चित्रे, हस्तलिखितातला एखादा लेख, संघाचे छायाचित्र आणि दर वर्षी मुलाच्या हाताने लिहिलेले अर्धे पान असावे: या वर्षी काय केले, काय जमले नाही. ‘सहभागाबद्दल’ मिळालेल्या पन्नास प्रमाणपत्रांपेक्षा अशा अर्ध्या पानांवरून शिक्षकाला मूल अधिक कळते. स्पर्धेचे प्रमाणपत्र हाती पडले की त्याच दिवशी नावाचे शुद्धलेखन, स्पर्धेचा स्तर आणि तारीख तपासावी, कारण पुढे सवलतीच्या गुणांसाठी तेच पाहिले जाते.

दहावीच्या जूनमध्ये सगळे बंद करण्याची आपल्याकडे रीत आहे. मी ती मानत नाही. आठवड्यातले पाच तास दोनवर आणावेत, स्पर्धा थांबवाव्यात, पण वर्ग पूर्ण सोडू नये; रोज नऊ-दहा तास बसणाऱ्या मुलाला अर्धा तास धावणे किंवा तानपुऱ्यासमोर बसणे लागतेच. प्रशिक्षकांना हा बदल जूनमध्येच सांगावा, म्हणजे ते संघात दुसऱ्याला तयार करतात आणि मुलाला मध्येच निघून गेल्याचा सल राहत नाही. राज्य मंडळाच्या विद्यार्थ्यांनी खेळाचे, रेखाकलेचे किंवा शास्त्रीय कलांचे वाढीव गुण मिळण्यास पात्र असल्यास त्याचा प्रस्ताव शाळेमार्फत ठरलेल्या मुदतीत जातो. खेळाचा प्रस्ताव जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांकडून मंडळाकडे जातो. मुदत दहावीच्या वर्षातच, पूर्वपरीक्षांच्या गडबडीत येते आणि मूळ प्रमाणपत्राच्या साक्षांकित प्रती लागतात. दिवाळीनंतरच्या पहिल्या आठवड्यात शाळेच्या कार्यालयात जाऊन यंदाचे परिपत्रक आले का, हे लिपिकांना विचारावे, प्रस्तावाचा अर्ज दोन प्रतींत द्यावा आणि आपल्या प्रतीवर आवक क्रमांक व शिक्का घेऊनच बाहेर पडावे.